पाहुण्याला मागायची वेळ येऊ नये

पोरी, दारात माणूस उभा असताना त्याला ‘काय काम काढलं?’ असं विचारायचं नाही. आधी ‘या जी, बसा’, मग पाणी, मग चहा. काम त्याच्या तोंडून निघेल तेव्हा निघू दे. हा क्रम माझ्या आत्याबाईंनी, म्हणजे तुझ्या आजेसासऱ्यांच्या आईनं, मी नवी सून होते तेव्हा मला सांगितला. त्यांना त्यांच्या सासूनं सांगितला असणार. तू आता या घरातली नातसून, म्हणून तुला सांगते. पुढे तुला वाटेल तसा बदल कर, पण आधी त्यामागचं कारण समजून घे.

आपल्या बोरी अरबला माणूस येतो तो दारव्ह्याकडून नाहीतर यवतमाळकडून, आणि एप्रिल-मे असला तर अंगावर झळ घेऊनच येतो. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. एसटीतून उतरून चालत आलेल्या माणसाच्या तोंडातून शब्दसुद्धा फुटत नाही. त्याला फ्रिजमधली बाटली देऊ नको, ते गार पाणी एकदम घशाला सोसत नाही. माठातलं पाणी गडव्यात घे, वाटीत गुळाचा खडा ठेव, आणि देऊन लगेच आत पळू नको. थोडी थांब. गडवा रिकामा झाला की ‘अजून देऊ का?’ न विचारता भर. विचारलं की भिडस्त माणूस ‘नको’ म्हणतो, आणि तहान तशीच राहते.

बाईमाणूस आली असेल तर पाण्याच्याही आधी एक गोष्ट आहे. तिला आत घेऊन जा आणि संडास, न्हाणी कुठे आहे ते दाखव. बादली भरलेली असू दे, साबण, धुतलेला टॉवेल तिथेच असू दे. प्रवासात बाया तासन्‌तास थांबून असतात, काहीजणी तर त्यासाठी वाटेत पाणीच पीत नाहीत. परक्या घरी आल्याबरोबर हे विचारायला जीव लाजतो. आपल्याकडे संडास नव्हता तेव्हासुद्धा आत्याबाई आलेल्या बाईला आधी ‘चला, वाडीकडे जाऊन येऊ’ म्हणायच्या आणि स्वतः सोबत जायच्या. मला पाहुणचारातली ही सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते, पुरणपोळीहून मोठी. पाहुण्याला काही मागावं लागू नये. त्याला काय लागेल हे आपण आधी ओळखलं पाहिजे. आता त्यात फोनची पिनही आली. पलंगाजवळचा बोर्ड मोकळा ठेव.

कारंजा-मूर्तिजापूरकडचे पाहुणे शकुंतलेनं यायचे तेव्हाची गोष्ट वेगळी होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर ती छोटी गाडी, किलिक निक्सन नावाच्या इंग्रज कंपनीची. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची. ती कधी पोचेल याचा भरवसा नसे, म्हणून पाहुणा कोणत्याही वेळी येई आणि त्याच्या कपड्यांना कोळशाचा वास असे. मामंजी अंगणातल्या रांजणापाशी त्याच्या हातावर स्वतः पाणी घालायचे. सालदारालाही तसंच, तालुक्याहून आलेल्या साहेबालाही तसंच.

हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या भागात सगळी घरं तशी नव्हती. कामावरच्या माणसासाठी कानतुटकी कपबशी वेगळी ठेवायची, ती त्यानंच धुवायची, पाणी वरून ओतायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तसल्या घरात पंगतीला पाच पक्वान्नं वाढली तरी तो पाहुणचार नव्हे. या घरात कपबशा एकाच फळीवर राहतील. ज्यातून तू पितेस त्यातूनच कापूस वेचायला आलेली बाई पिईल, नालीचं काम करायला आलेला माणूस पिईल. यात कुणाचं ऐकू नको, घरातल्या मोठ्याचंही नाही. ईदेला शेजारून शिरखुर्मा येतो, आपल्याकडून दिवाळीचा फराळ जातो. डबा आला की धुऊन रिकामा परत द्यायचा नाही, त्यात चार दाणे का होईना घालायचे.

आता स्वयंपाक. अचानक तिघं-चौघं जण आले की नव्या सुनेच्या पोटात गोळा येतो. येऊ देऊ नको. घरात ताक, बेसन, डाळ, लसूण, तांदूळ असले की बाजारात धावायचं कारण नाही. कढीगोळे कर. हरभऱ्याची डाळ भिजवायला वेळ नसेल तर कढत पाण्यात तासभर झाकून ठेव, भिजते. हिरवी मिरची, लसूण, जिरं घालून भरड वाट. बारीक केलीस तर गोळे घट्ट होतात, दाताखाली रवाळ लागलं पाहिजे. मीठ, हळद, भरपूर सांभार. ताकाला बेसन लावून कढी चुलीवर ठेव आणि तिला उकळी फुटू दे. मग एकच गोळा सोडून बघ. फुटला तर वाटणात चिमूटभर बेसन मिसळ. टिकला तर बाकीचे हलक्या हातानं सोड. आणि मग वगराळं घालायचं नाही. गोळे आपणहून वर येईपर्यंत कढी ढवळायची नाही, नाहीतर सगळ्याचं पिठलं होतं. वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी वेगळ्या वाटीत दे, ज्याला जितकं तिखट हवं तितकं तो घेईल. भाकर, भात, कांदा. हे जेवण वाढताना कुणीही ‘गरिबीचं’ म्हणणार नाही, आणि तूही ‘काही केलं नाही हो’ असं म्हणू नको. पाहुण्यासमोर आपल्याच अन्नाला कमी लेखलं की त्याला उगाच ‘नाही नाही, छान आहे’ म्हणत बसावं लागतं.

उन्हाळ्यात आपण शेवया, कुरड्या, पापड, सरगुंडे करून डबे भरतो ते याचसाठी. सरगुंड्याचा डबा मात्र नीट सांभाळ. गव्हाच्या पिठाची लांब वळी बारीक काडीभोवती गुंडाळायची, हलकेच काडी काढून घ्यायची, की जिन्यासारखं वळलेलं सरगुंडं हातात येतं. सावलीत वाळवून मग ऊन दाखवायचं. पाहुणा आला की उकळत्या पाण्यात शिजवून निथळायचे, वर तूप-साखर, आणि आंब्याचे दिवस असले तर रस. जावई आला तर हेच. अधिकमासातलं धोंड्याचं जेवण असेल तर पुरण आणि अनारसे आहेतच. पण एरवी जावयालाही भाकर-ठेचा चालतो. त्याला दर खेपेला पक्वान्न केलं की बिचारा यायला कचरतो.

आग्रहाचं माप सांगते. एकदा विचार, दुसऱ्यांदा विचार, तिसऱ्यांदा त्याच्या हाताकडे बघ. ताटावर पालथा हात आडवा आला की वाढणं थांबव. गोडाचा आग्रह तर आता करूच नको. घरोघरी साखरेचा आजार आहे आणि माणूस चारचौघांत सांगत नाही. गोड वाटीत वेगळं ठेव, घ्यायचं तो घेईल. आणि आलेल्या बायांना पुरुषांच्या पंगती उठेपर्यंत उपाशी ठेवायची जुनी रीत मी माझ्यापुरती मोडली, तूही मोडलेलीच ठेव. प्रवास तिनंही केलेला असतो.

उधारी करून पाहुणचार करायचा नाही. हे मी गाडगेबाबांच्या नावानं सांगते. बाबा शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. तरुणपणी त्यांच्या मुलीचं बारसं होतं तेव्हा भाऊबंदांच्या रीतीप्रमाणे दारू-मटण द्यायला हवं होतं. त्यांनी ते मोडून गोड जेवण घातलं, लोकांचा रोष पत्करला. पुढे गावोगाव कीर्तनातून, कर्ज काढून सण आणि लग्नं करू नका, हेच सांगत फिरले. स्वतः ते गावजेवणाला बसत नसत, मागून आणलेली भाकर गाडग्यात खात. आणि त्याच माणसानं पंढरपूर, नाशिक, आळंदीला परक्या माणसांसाठी धर्मशाळा बांधल्या, मुंबईत दवाखान्यात येणाऱ्यांसाठी निवारा केला. कापसाचा पैसा हातात यायच्या आधीच सावकाराच्या वहीत गेलेली घरं या जिल्ह्यानं कमी पाहिली नाहीत. त्यात पाहुण्यांच्या मानपानासाठी काढलेलं कर्जही होतं. लग्नाच्या आहेरात शालू-शेले, दुपट्टा-टोप्या देत सुटू नको. कुणी रुसलं तर रुसू दे.

मी शाळेत भूगोल शिकवायचे तेव्हा मंगोलियाचा धडा माझ्या आवडीचा होता. त्या देशाबद्दल जमेल तिथून वाचत गेले, आणि आपल्या ओसरीवरच्या कितीतरी गोष्टींचा अर्थ मला तिकडे सापडला. महाराष्ट्राच्या पाचपट मोठा मुलूख, पण माणसं सगळी मिळून सुमारे ३५ लाख. आपल्या एकट्या यवतमाळ जिल्ह्यातच २०११ च्या जनगणनेत २७ लाखांवर माणसं होती. तिकडे हिवाळ्यात थंडी उणे ३० अंशांच्या खाली जाते, आणि मैलोन्‌मैल एकही घर नसतं. अशा मुलखात वाटसरूला दार उघडलं नाही तर तो रात्रीत गोठून मरेल. म्हणून त्यांच्या गेरमध्ये, म्हणजे लोकरीच्या नमद्याच्या गोल तंबूत, ओळखीचा-अनोळखी असा भेद नसतो. आज मी तुला चहा दिला, उद्या माझा मुलगा कुणाच्या तरी दारात उभा असेल, हा तिथला हिशोब आहे. घरधनी गुरांमागे गेला असेल तरी वाटसरूनं आत जाऊन खाऊन-पिऊन जावं, अशी जुनी रीत.

तिथे येणारा लांबूनच ‘कुत्रा धरा’ असं ओरडतो. कुत्रा नसला तरी हेच ओरडायचं, म्हणजे घरच्यांना कळतं की कुणी आलंय. मग डावीकडून आत शिरायचं, उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही. बसल्याबरोबर मीठ घातलेला दुधाचा चहा येतो. वाटी उजव्या हातानं द्यायची, डावा हात उजव्या कोपराखाली धरायचा, आणि घेणाऱ्यानंही तशीच घ्यायची. बाह्या वर सरकवलेल्या असतील तर आधी खाली करायच्या. चहा नको असला तरी ओठ लावायचे. वडीलधारी माणसं तपकिरीच्या दगडी कुप्या एकमेकांना देतात. तपकीर ओढायची नसेल तर नुसता वास घेऊन परत करायची, पण हातात घ्यायलाच नकार द्यायचा नाही. मोठा मान करायचा असला तर निळा रेशमी खादग दोन्ही हातांवर पसरून देतात. चुलीकडे पाय करून बसायचं नाही, विस्तवात केर टाकायचा नाही. आपल्या घरी तरी काय वेगळं आहे? चुलीला पाय लावू देत नव्हतो, उंबऱ्यावर बसू देत नव्हतो, उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे उभं राहून देणंघेणं करू नये म्हणत होतो. तेही तिकडे अगदी तसंच आहे.

उंबरठ्याची एक खरी हकीकत आहे. १२५४ साली रुब्रुकचा विल्यम नावाचा ख्रिस्ती साधू मंगोलांच्या मोंगके खानाच्या भेटीला गेला होता. परतताना त्याच्या सोबत्याचा पाय उंबरठ्याला लागला. पहारेकऱ्यांनी त्याला धरलं, चौकशी झाली. त्याला ही रीत कुणी सांगितलीच नव्हती असं दिसलं, म्हणून शिक्षा टळली, पण खानाच्या कोणत्याही घरात पुन्हा पाऊल टाकायला बंदी झाली. मी मुलांना विचारायचे, चूक कुणाची? माझं मत आजही पक्कं आहे, यजमानाची. पाहुण्याला आपल्या घरची रीत आधी, हसतमुखानं आणि एकांतात सांगावी. चपला कुठे काढायच्या, देवघरात कोण जातं, नळाला पाणी किती वाजता येतं, मोरीचा कोणता नळ गळतो, गच्चीवर माकडं येतात म्हणून दार लावायचं. हे सांगून मोकळं व्हावं. चुकल्यावर चारचौघांत सांगितलं की तो पाहुणा त्या उंबऱ्यात परत येत नाही.

तपकिरीवरून आठवलं. मामंजींचा पानपुडा होता, अडकित्ता, कात, चुना, सगळं ओसरीवर आलेल्याच्या पुढे सरकायचं. त्या काळी तो मान होता. आता आपल्या जिल्ह्यात पानाची जागा खर्र्यानं घेतली, आणि पोरं तोंड उघडेनाशी झाली, जबड्याला कॅन्सर झाला. खर्रा या घरात पाहुण्यासाठी मागवायचा नाही आणि कुणी आणला तर हात पुढे करायचा नाही. भाजलेला ओवा, तीळ, बडीशेप डबीत भरून ठेव. कुणाला राग आला तर माझं नाव सांग.

आवतन देण्याचीही एक शिस्त आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकतो आणि त्यांच्या कानाशी ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणतो. बघ, वर्षभर राबणाऱ्या मुक्या जनावरालासुद्धा आदल्या दिवशी, जवळ जाऊन, नीट निमंत्रण. माणसाला मात्र आपण आता फोनवर ‘या ना कधी’ असं म्हणून टाकतो. ‘या ना कधी’ हे आवतन नव्हे. दिवस सांग, वेळ सांग, आणि किती जणांना बोलावलं ते सांग. घरातल्या सगळ्यांना बोलवायचं असेल तर चूलबंद आवतन असं स्पष्ट म्हण, म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही हे त्यांना कळतं. नाहीतर ते एकाला पाठवतात आणि आपला स्वयंपाक उरतो, किंवा आपण दोघांचा करतो आणि सात जण येतात. दोन्हीत बाईचाच जीव जातो.

पाहुणा किती दिवस, याचं उत्तर आपल्या महालक्ष्म्यांनी दिलेलं आहे. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठा-कनिष्ठा येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर निघतात. पहिला दिवस स्वागताचा: पावलं काढायची, सारं घर दाखवायचं. दुसरा दिवस ताटाचा: पुरण, आंबील, कढी, सोळा भाज्या. तिसरा दिवस निरोपाचा, आणि तो रडत-भांडत नव्हे, गोडानं. माणसाच्या बाबतीतही तसंच धर. पहिल्या दिवशी त्याच्यापाशी बैस, दुसऱ्या दिवशी त्याला खाऊ घाल, तिसऱ्या दिवशी कामाला लाग आणि त्यालाही तुझ्यासोबत भाजी निवडायला घे. तुरीच्या शेंगा सोलत बसलेला पाहुणा कधी कंटाळत नाही. मात्र पावसाळ्यात अडाण नदीला पूर आला आणि कुणी अडकलं तर दिवस मोजायचे नाहीत. आणि दवाखान्याच्या किंवा कोर्टाच्या कामासाठी कुणी आलं असेल तर त्याला तारीख विचारायची नाही.

झोपायची व्यवस्था दिवसाउजेडी कर. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकली तरी पहाटेसाठी पायाशी चादर हवी. उशाशी पाण्याचा तांब्या, टॉर्च. आणि पाहुणा निजल्यावर स्वयंपाकघरात त्याच्याबद्दल बोलायचं नाही. आपल्या भिंतींना कान आहेत.

दुखवट्याला येणाऱ्यांची रीत वेगळी, आणि ती न कळून बऱ्याच जणी चुकतात. घरात कुणी गेलं असेल तेव्हा आलेल्याला ‘या, या’ म्हणायचं नाही. गपचूप सतरंजी पुढे सरकवायची. पाणी द्यायचं, हळदीकुंकू नाही. निघतानाही ‘पुन्हा या’ नाही, आणि जाणाऱ्यानंही ‘येतो’ म्हणायचं नाही, उठून चालू लागायचं. दुसऱ्याच्या घरी बसायला गेलीस तर ‘कसं झालं, काय झालं’ हे विचारू नको. ते त्यांना आधीच पन्नास वेळा सांगावं लागलेलं असतं. तू शेजारची असशील तर पहिल्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटत नाही हे लक्षात ठेव आणि पिठलं-भाकर घेऊन जा. मुलांना आपल्या घरी आणून जेवू घाल.

एरवी निरोप मात्र भरल्या हातानं. बाईला हळदीकुंकू, ओटी. जमलं तर खण, नाही तर तांदूळ-नारळ पुरे. लांब जाणाऱ्याच्या हातावर दही. पिशवीत आपल्या शेतातलं काहीतरी: तुरीची डाळ, हरभरा, हिवाळा असेल तर शेंगा. बाजारातून आणलेला मिठाईचा पुडा त्यापुढे फिका. वाटेसाठी पोळी-चटणी बांध आणि पाण्याची बाटली भरून दे. मंगोलियात पाहुणा घोड्यावर बसून निघाला की घरची बाई त्याच्यामागे चमच्यानं दूध शिंपडते, वाट सुखाची व्हावी म्हणून. आपण एसटी स्टँडपर्यंत सोबत चालत जातो. घरातल्या कुणीतरी जायचंच, बॅग हातात घ्यायची आणि गाडी हलेपर्यंत थांबायचं. दारातूनच हात हलवून आत वळायचं नाही.

आणि तू स्वतः पाहुणी म्हणून जाशील तेव्हासाठी थोडंसं. रिकाम्या हातानं जाऊ नको, फार महागाचंही नेऊ नको, त्यांना परतफेडीची काळजी लागते. जेवायच्या वेळी न सांगता पोचू नको. दिलेला पहिला चहा नाकारू नको, अर्धा घे. त्यांच्या घरचं भांडण ऐकलंस तर ते तिथेच सोडून ये. आपलं अंथरूण आपण उचल. आणि घरी पोचलीस की लगेच फोन कर. तू पोचल्याचं कळेपर्यंत तिकडे कुणीतरी जागं असतं.